रेहलीसमोरची पुरणपोळी

मित्रांनो, पवित्र ग्रंथ जमिनीला लागू नये म्हणून ज्यावर ठेवतात, ती घडीची लाकडी बैठक म्हणजे रेहल. मी तशीच एक जुनी रेहल आहे. सोनपेठच्या वजीर मिस्त्रींनी मला सागाच्या एकाच फळीतून कोरलं. खिळा नाही, जोड नाही. त्याचा मला थोडा ताठा आहे, तेवढा चालवून घ्या.

मिस्त्री सूफी मार्गातले जाणते. मधली काही वर्षं मी त्यांच्या कारखान्यात भुशाखाली पडून होते. त्यांचा शिष्य मुदस्सिर परभणीहून शिकायला यायला लागला, त्यानं मला काढून पुसलं. पोरगा लय हुशार! सूफी विचारांचा जाडजूड ग्रंथ माझ्यावर ठेवायचा अन् पानंच्या पानं तोंडपाठ म्हणायचा. मी तर त्याच्यावर फिदा होते.

परवा दोघांनी आपल्या खुशीनं रोजा धरला होता. दुपारी सगुणाबाई डबा घेऊन आल्या. त्यांच्या नातीला, साक्षीला, मिस्त्रींनी अभ्यासाला टेबल करून दिलं होतं. साक्षी पोलीस भरतीत लागली, म्हणून पुरणपोळ्या.

"माझा रोजा हाय, मावशी," मुदस्सिर पुस्तकातून मान वर न करता म्हणाला.

"रमजान तर कवाच सरला की." म्हातारीचा चेहरा उतरला. "जयभीमवाल्याच्या घरचं चालंना व्हय, बाबा?"

त्या डबा झाकायला लागल्या. माझा जीव कासावीस झाला.

मिस्त्री हात धुऊन पुढं झाले. "साक्षी लागली आन् तुमी डबा झाकायलाव व्हय? आणा इकडं!" बिस्मिल्ला म्हणून त्यांनी घास घेतला, वर तूपही मागितलं. वा रे मिस्त्री!

मुदस्सिरची नजर उघड्या पानावर गेली. सकाळी त्यानंच पेन्सिलनं रेघ मारलेली ओळ तिथं होती: मर्जीचा रोजा उद्या धरता येतो, आज कुणाचं मन मोडू नका.

"चुकलो, मावशी. मला दोन वाढा."

सगुणाबाईंनी तीन वाढल्या.

नंतर मिस्त्रींनी मला थोपटलं. "इल्म आन् अमल, जाणणं आन् वागणं, हिच्या पायांवानी एकाच फळीतले. एक मिटला की पुस्तक खाली."

दुसऱ्या दिवशी दोघांनी रोजा पुन्हा धरला.

मित्रांनो, मला ओलीत टाकू नका, धूळ पुसत जा, एवढं मी मागतेच. पण पुस्तक उघडं असताना दारात कुणी आलं, तर आधी मान वर करा. पुस्तक मी सांभाळते.