चार बोटं दुमड

"हनुवटी वर. अगं, माप घेतोय, गळा कापत नाहीये!" टेलर मास्तरांनी टेप लेकीच्या गळ्याभोवती फिरवली, आकडा बघितला आणि पुन्हा फिरवली.

मागचा ड्रेस कमरेत अजून ढगळ होता, पण गळ्याचं बटण काही केल्या लागत नव्हतं.

"चोरून साखर खाल्ली की असंच होणार," काजं करता करता आईने तोंड सोडलं. "कधी साठ, कधी तीनशे. ही पोरगी पथ्य पाळेल तर शपथ!"

"चोरून नाही. साखर उतरली की हातपाय कापतात, तेव्हा खाते," बारकी म्हणाली.

बारकी तेरा वर्षांची. सातव्या वर्षी डायबेटिस झाला, तेव्हापासून रोज इन्सुलिनच्या सुया. साखर फार उतरते, हे ती महिनाभर कानीकपाळी ओरडत होती. तरी मास्तरांनी साखरेचा डबा कपाटात टाकून कुलूप ठोकलं होतं. "लागली तर माग, देईन," म्हणाले होते. चोराला सांगावं तसं.

त्यांनी मापांची वही काढली. गिऱ्हाइकांसारखीच लेकीचीही मापं दर सहा महिन्यांनी लिहिलेली. दीड वर्षात उंची तीच, बाही तीच. गळा तेवढा दीड इंच वाढलेला.

"साखर खाऊन नुसता गळाच वाढतो होय गं?" ते बायकोला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वही काखेत मारून ते बारकीला घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी साखरेचे आकडे चाळले. "या वयात मुलं थापा मारतात. पथ्य कडक करा."

"आधी गळ्याला हात लावून बघा."

"मास्तर, डॉक्टर तुम्ही की मी?"

"डॉक्टर तुम्हीच. पण माप माझं आहे. चुकलं असेल तर दुकानाची पाटी उतरवतो. हात लावल्याशिवाय मी इथून हलायचा नाही!"

बाहेर पेशंट कुरकुरायला लागले. मास्तर ढिम्म. शेवटी डॉक्टर वैतागून उठले, त्यांनी बारकीचा गळा चाचपला, तिला घोटभर पाणी गिळायला लावलं. मग त्यांचा वैताग कुठच्या कुठे गेला.

"झोप फार येते का गं? थंडी वाजते?"

"येते. वाजते. सगळे मला आळशी म्हणतात."

चार दिवसांनी रक्ताचा रिपोर्ट आला. "हिच्या शरीराच्या प्रतिकारशक्तीने आधी इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारल्या," डॉक्टर म्हणाले. "आता ती गळ्यातल्या थायरॉइडच्या मागे लागली आहे. अशा मुलांमध्ये हे होतं. थायरॉइड मंदावला की उंची खुंटते, साखरही सारखी उतरते. मी अधूनमधून तपासायला हवं होतं, राहून गेलं. आता रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी."

"म्हणजे मी खोटं बोलत नव्हते," बारकी म्हणाली.

"नव्हतीस."

ती बापाकडे बघत होती. मास्तरांना मान वर करायची लाज वाटली.

घरी आल्यावर आईने नवं कापड पुढे केलं. "उंच कॉलर लावा. गळा झाकेल. उगाच लोकांच्या चौकशा नकोत."

"काही झाकायचं नाही!" बारकी कटिंगच्या टेबलावर चढून बसली. "उघडा गळा शिवा, बाबा. आळशी म्हणताना कुणी चौकशी केली होती? आता करू देत. सांगेन मी."

"अगं पण कार्टे..."

"आणि खाली चार बोटं दुमड ठेवा. मी उंच होणार आहे."

मास्तरांनी खडू उचलला. गळा दोन बोटं खाली आखला. दुमड चार नाही, पाच बोटं धरली. मग उठून कपाट उघडलं, साखरेचा डबा बारकीच्या हाताशी ठेवला आणि कुलूप किल्लीसकट चिंध्यांच्या टोपलीत टाकलं.