डेरेक बाद

चारुशीलाने डेरेकला कधी पाहिलं नव्हतं. कॅनडातल्या कुठल्याशा गव्हाच्या गावचा, बर्फावर हॉकी खेळणारा अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा, एवढंच तिला कॉम्प्युटरवरून कळलं होतं. त्याने तिचं काही वाकडं केलं नव्हतं. तरी २००४च्या जूनमध्ये एका शुक्रवारी दुपारी, कुवेतमधल्या मंगफच्या फ्लॅटमध्ये, सगळी बिल्डिंग जेवून झोपलेली असताना तिने त्याला बाद केलं.

बाद हा तिच्या रोजच्या कामातला शब्द होता. अर्दियाच्या गोदामांमागे तेल तपासणारी एक छोटी प्रयोगशाळा होती, तिथे ती रसायनतज्ज्ञ होती. कंप्रेसरचं, जहाजाच्या इंजिनाचं वापरलेलं तेल बाटल्यांतून यायचं आणि त्यात धातू किती, पाणी किती हे ती सांगायची. एखादा आकडा बाकीच्यांच्या पंगतीत बसेना, तर नवी मुलं लगेच म्हणायची, "मॅडम, हा बाद करू या?" त्यावर तिचं उत्तर ठरलेलं असे. "का? बाटली घाण होती? यंत्र बिघडलं होतं? तुमचा हात चुकला? कारण सापडलं तर बाद. आवडला नाही म्हणून बाद नाही."

तर त्या शुक्रवारी तिला डेरेकचा आकडा आवडला नव्हता.

झालं होतं ते असं. तिचा मयूर आणि घरोब्याच्या युसुफभाईंचा यासिर लहानपणापासून कुवेतच्या बर्फाच्या रिंकवर एकत्र हॉकी खेळत आले होते. बाहेर डांबर वितळायची वेळ आणि आत ही दोघं जाडजूड पॅडं बांधून बर्फावर आपटतायत, हे बघून चारुशीलाच्या सासूबाई म्हणाल्या होत्या, "एवढं सोसायचं तर निदान क्रिकेट तरी खेळायचं." पण पोरांनी ऐकलं नाही. अकरावीच्या वर्षी मयूर तिच्या भावाकडे कॅनडात गेला, यासिर त्याच्या चाचांकडे गेला, दोन वेगळ्या प्रांतांत. दोघेही तिथल्या ज्युनिअर लीगमध्ये हंगामभर खेळले आणि उन्हाळ्याला घरी परतले. मयूरची ती प्रेअरी लीग, यासिरची ती लेकशोर.

आता रिंकवरच्या कोचला, म्हणजे ग्लेनला, त्याच्या ओळखीच्या, कॅनडातल्या एका निवासी शाळेने कळवलं होतं की एक जागा आहे, एक नाव द्या. पुढची दोन वर्षं तिथेच शिक्षण, तिथेच खेळ, आणि पुढे कॉलेजच्या संघांचं दार. दोघांनाही तीच जागा हवी होती. मयूरचे गोल यासिरपेक्षा जवळजवळ दुप्पट होते. पण ग्लेन डोकं खाजवत म्हणाला, "तो आकडा तसाच धरता येणार नाही. दोन लीग सारख्या नाहीत. लेकशोर अवघड आहे असं म्हणतात. किती अवघड, मला माहीत नाही. मी कॅनडा सोडला त्याला जमाना झाला."

"मग चारूलाच बघू दे की," युसुफभाई म्हणाले होते. ते मूळ रत्नागिरीकडचे, इथे एका कंपनीचे मंदूब. लोकांचे इकामे म्हणजे राहण्याचे परवाने, शिक्के, सह्या यांच्यामागे सरकारी कचेऱ्यांच्या फेऱ्या मारणं हे त्यांचं काम. चारुशीलाचा स्वतःचा इकामाही त्यांनीच दोनदा सोडवून आणला होता. "आमच्यात आकड्यांची हुशार तीच. तेलातलं पाणी शोधते, हेही शोधेल."

"अहो, पण माझाच मुलगा आहे त्यात," ती म्हणाली.

यावर त्यांची बायको नूरजहाँ हसली. "असूदे गो. तुझ्या हातचा खोटा निघायचा नाय."

रीत तिला लगेच सुचली. दोन प्रयोगशाळांपैकी कोणती काटेकोर, हे बघायचं तर एकच तेल दोन बाटल्यांत भरून दोन्हीकडे पाठवायचं. तसंच, जी पोरं एका लीगमधून दुसरीत गेली, ती शोधायची. पोरगा तोच, बर्फ वेगळा. प्रेअरीतून लेकशोरला गेल्यावर त्याचे गोल किती घटले, ते मोजलं की दोन लीगमधलं अंतर कळलं. ग्लेनला हे समजावताना तो टेबलावर थाप मारून म्हणाला होता, "मी तीस वर्षं खेळतोय, मला हे सुचलं नाही!" आणि चारुशीलाला, खोटं कशाला बोला, गुदगुल्या झाल्या होत्या.

शोधून शोधून अशी पाच पोरं सापडली. चार जण लेकशोरला जाऊन मोजके सामने खेळून परत आले होते. त्यांचे गोल थोडेफारच घटले होते, एकाचे तर वाढले होते. पाचवा डेरेक. तो प्रेअरीत अख्खा हंगाम खेळला होता आणि लेकशोरलाही अख्खा हंगाम. तिथे त्याचे गोल तिसऱ्या हिश्शावर आले होते.

मोजके सामने म्हणजे बाटलीच्या तळाशी उरलेले चार थेंब. त्यावरून काही ठरत नाही, हे तिच्याइतकं कुणाला कळत होतं? भरलेली बाटली एकच होती, ती डेरेकची. ती धरली, तर मयूरचे गोल घसरून यासिरच्या खाली जात होते. नाही धरली, तर मयूर वर.

चंद्रहास चहा घेऊन आला. तिचा नवरा मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत इंजिनिअर होता. आठवडाभर हेल्मेट घालून फिरायचा आणि सुट्टीच्या दिवशी लुंगी नेसून विनोद करायचा. कॉम्प्युटरच्या पडद्यात डोकावून तो म्हणाला, "काय निकाल, परीक्षक बाई? आपल्याच पोराला नापास करून वर पेढे वाटणारी बाई जगात एकच निघायची, आणि ती नेमकी माझ्या वाट्याला!"

"थांब जरा," ती म्हणाली.

"मी थांबतो गं. जागा थांबणार नाही."

तो आत गेला. तिने डेरेककडे पाहिलं. चार जण एकीकडे आणि हा एकटाच असा. काहीतरी झालं असेल त्याला. आजारी असेल, घराची आठवण येत असेल, दुखापत असेल. कारण तिने शोधलं नाही, कल्पून घेतलं. मग ती ओळ तिने पुसून टाकली. पुसल्यावर उरलेले चार आकडे इतके एकसारखे, इतके देखणे दिसले की क्षणभर तिला खरंच वाटलं, आपण फक्त घाण साफ केली.

चार नावांचा कागद बघून ग्लेनने काही विचारलं नाही. "सायन्स इज सायन्स," म्हणाला आणि मयूरचं नाव कळवलं.

पुढच्याच शुक्रवारी नूरजहाँने सगळ्यांना जेवायला बोलावलं. आपल्या पोराची जागा गेली आणि मयूरला मिळाली, त्याच्या आनंदाप्रीत्यर्थ जेवण! चारुशीलाने पोट बिघडल्याचा बहाणा करून पाहिला. नूरजहाँ फोनवर म्हणाली, "मग सांदणां खा, ती पोटाला बरी असतत." आता काय बोलणार?

नारळाच्या दुधातली पांढरीशुभ्र सांदणं, सुरमईचं कालवण, तांदळाच्या रोट्या. चंद्रहास तिसऱ्यांदा वाढून घेत "भाभी, रिफायनरीच्या कँटीनवर खटला भरायला हवा," म्हणत होता. चारुशीला रोटीचे नुसतेच तुकडे करत होती.

"दोन दिस बोलला नाय हा कुणाशी," नूरजहाँ यासिरच्या केसांतून हात फिरवत म्हणाली. तो मान काढून घेत होता. "मी त्याला बोलले, रडतंस कशाला? ग्लेनसायबानं ठरवला असता तर मी भांडले असते. चारूनं हिशोब केलाय. ती स्वतःच्या बापालाही सोडायची नाय."

"मम्मी, स्टॉप," यासिर म्हणाला. मग मयूरकडे वळून, काहीतरी बोलायचं म्हणून, "तुमच्या लीगमधला एक होता ना आमच्या टीममध्ये. डेरेक. गुड गाय. सगळे सामने खेळला, पण तिसऱ्या लाइनवर. म्हणायचा, तुमच्याकडे तो राजा होता आणि इथे पाणी भरतो."

मयूरचा हात ताटातच थांबला. "डेरेक? त्याचा फोटो लावलाय आमच्या रिंकच्या दारात. तो एक दिवसही आजारी पडला नाही. मशीन म्हणायचे त्याला."

आणि मग त्याने आईकडे पाहिलं. ग्लेनने निकालाचा कागद त्याला दाखवला होता. चार नावं होती त्यावर. ती त्याला पाठ असणार. त्याच्या भविष्याची चार नावं होती ती.

"चारू, अजून एक घे," नूरजहाँने तिच्या ताटात सांदण टाकलं. "तुझ्याचसाठी केली."

तिने ते खाल्लं. नाही म्हणायला तोंड नव्हतं.

घरी जाताना चंद्रहास गाडी चालवत होता. मागून मयूर म्हणाला, "आई, डेरेकला का काढलंस?"

"कोण डेरेक?" चंद्रहास म्हणाला.

चारुशीला समोर बघत म्हणाली, "तो एकटा वेगळा पडत होता."

"बट ही वॉज द ओन्ली रिअल वन." मयूर रागावला की इंग्रजीत जायचा, पण पुढचं तो मराठीत बोलला, सावकाश, एकेक शब्द जुळवत. "म्हणजे तू मोजलंस. आणि मी कमी आलो. म्हणून तू त्याला बाद केलंस."

"अरे, आईने तुझ्यासाठीच..." चंद्रहास म्हणाला.

"बाबा, प्लीज." आणि मग अगदी हळू, "मला वाटलं होतं, मी जिंकलोय."

रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. तिने आरशात पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता आणि त्याचे कान लाल झाले होते. लहानपणी चोरून बिस्किटं खाताना सापडला की व्हायचे, तसे. चोरी तिने केली होती आणि लाज त्याला वाटत होती. एवढं तिने आयुष्यात कधी कुणाचं नुकसान केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती रिंकवर गेली. ग्लेन बर्फाच्या कडेला उभा होता. तिने सगळं सांगितलं, कुठलीही सबब न देता. "असं होतं," तो म्हणाला. "माझा पोरगा असता तर मीही..."

"नाही," ती म्हणाली. "तुम्हाला रीत माहीत नव्हती. मला होती."

त्याने मान हलवली. मग म्हणाला, "शाळेने कागद अजून पक्के केलेले नाहीत. मी फोन करतो, यासिरचं नाव देतो. पण युसुफच्या घरी मी काय सांगू? चूक झाली म्हणू?"

चूक म्हटलं असतं तर किती सोपं झालं असतं. चूक प्रयोगशाळेत रोज होते. तिला तो शब्द हवाहवासा वाटला, ओठांवर आला. "मीच सांगते," ती म्हणाली.

नूरजहाँने दार उघडलं ते हसतच. "अगो तू? डबा विसरलीस काय? ये, ये."

चारुशीला आत गेली, पण बसली नाही. उभ्यानेच बोलली. यासिरची जागा यासिरला मिळणार, हे तिने आधी सांगून टाकलं. नूरजहाँने दोन्ही हात तोंडावर नेले, डोळे भरून आले, ती तिला मिठी मारायलाच पुढे झाली. तेव्हा चारुशीला म्हणाली, "थांब. सगळं ऐक."

आणि तिने सांगितलं. पाच मुलं, चार थेंब, एक भरलेली बाटली. आपण ती कशी ओतून दिली.

नूरजहाँ ऐकता ऐकता एक पाऊल मागे सरकली. तिला सगळं समजलं नसावं, म्हणून तिने एकच विचारलं. "बाद केला म्हणजे, हिशोबात चुकला?"

"नाही," चारुशीला म्हणाली. "बरोबर होता. म्हणूनच केला."

बाहेर जिन्यात कुणाची तरी मुलं खेळत होती. नूरजहाँने पदर सारखा केला. मग सोफ्यावरची उशी उचलली, झटकली आणि पुन्हा ठेवली. एखादा परका पाहुणा घरी आला की करतात, तसं.

"बसा तुमी," ती म्हणाली. "चाय ठेवते."

दहा वर्षांत नूरजहाँने तिला कधी तुमी म्हटलं नव्हतं. चारुशीला बसली. आतून भांड्यांचा आवाज येत होता. चहा आला, तो नेहमीच्या जाड काचेच्या ग्लासातून नाही, पाहुण्यांच्या कपबशीतून. सोबत बशीत मोजून दोन बिस्किटं.

"साखर बराबर हाय ना?" नूरजहाँने विचारलं. ती चारुशीलाच्या डोळ्यांत बघत नव्हती.

साखर घालायची राहिली होती.

"बरोबर आहे," चारुशीला म्हणाली आणि चहा संपवला.