उजव्याचं माप

कर्करोगामुळे प्रमिलाचा डावा स्तन काढला त्याला आठ महिने झाले होते. आता त्या जागी इम्प्लांट बसवायचं होतं. तीनशे मिलिलिटरचं की साडेतीनशेचं, हे तिने गुरुवारी सांगायचं होतं. दोन्ही चालतील, असं डॉक्टर म्हणाले होते. अमिरातीतल्या अल ऐन शहरात, शाळेत वीस वर्षं रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाईला हे कसं पटावं?

बाथरूममध्ये तिने परातीत काठोकाठ भरलेलं पातेलं ठेवलं, वाकून उजवा स्तन त्यात बुडवला आणि सांडलेलं पाणी मोजलं. तीनशे दहा. मग तीनशे पंचावन्न. मग तीनशे तीस.

"अगं, परात कुठे गेली?" तिच्या नवऱ्याने, राजनने बाहेरून विचारलं. "कणीक मळायचीय मला."

"प्रयोग चाललाय."

"सांग ना कुठलाही आकडा! मला काही फरक पडत नाही."

"तुला पडत नाही रे. मला पडतो का, तेच कळत नाहीये."

"ममा, इट्स नॉट अ लॅब एक्झाम," शुभ्रा तिच्या खोलीतून ओरडली.

गुरुवारी डॉक्टरांनी तिन्ही आकडे पाहिले. "म्हणजे तीनशे तीसच्या आसपास. मग साडेतीनशेचं जवळचं. ठरलं?"

प्रमिलाने मान डोलावली आणि लगेच म्हणाली, "थांबा. हे उजव्याचं माप. डावा जरा मोठा होता."

"किती?"

तिने तो कधी मोजलाच नव्हता.

"काढलेल्या भागाचं वजन रिपोर्टमध्ये असेल. बघू?"

"बघा," ती म्हणाली. "नको, राहू दे. होता तसा हवाय की उजव्यासारखा, हेच मला समजत नाहीये. एक आठवडा द्या, डॉक्टर."