अब्बांच्या सॅकमधली सुकटीची चटणी

अब्बा टांझानियातला मेरू पर्वत चढायला निघाले, तेव्हा तहसीनने त्यांच्या सॅकच्या तळाशी सुकटीच्या चटणीची बरणी गुपचूप कोंबली. रत्नागिरीच्या माणसाने काय नुसत्या पास्त्यावर डोंगर चढायचा?

आज कुवेतमधल्या हवल्लीच्या घरात तिने वाचलं, की त्या जंगलात खाण्याच्या वासावर तरसं येतात. तिने लगेच अब्बांना फोन लावायला घेतला. दहादा लावल्यावर एकदाचा फोन लागला.

"अब्बा, आधी ती चटणी फेका! तरसं येतील!"

"आता कुठून फेकू? काल आमच्या बंदूकवाल्या रेंजरने बरणी बोटाने पुसून खाल्ली."

"म्हणजे तरसं आली नाहीत ना?"

"आली होती की, आमच्या मुक्कामाच्या खोलीच्या दारापर्यंत." अब्बांनी आवाज खाली आणला. "अम्मीला बोलू नकोस हां."