इतकं बारीक कशाला हवं होतं

मित्रांनो, अकोटला रऊफ अत्तारांच्या अंगणात, नळाच्या पलीकडे जो काळा दगडी खल पडलेला दिसतो, तो मी. आता माझ्यात पाणी असतं आणि ते कोंबड्या पितात. कोंबड्यांबद्दल माझी तक्रार नाही. पण मी मुळात औषधाचा खल आहे, हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

पातूरकडच्या एका पाथरवटानं मला घडवलं. त्याच दगडातून माझा बत्ताही निघाला. रऊफचाचांच्या वडिलांनी आम्हा दोघांना दुकानात आणलं. दुकान जडीबुटीचं. हिरडा, बेहडा, मुलतानी माती, जे समोर येईल ते मी बारीक करायचो.

माझं नाव झालं ते सफेद्यामुळे. सफेदा म्हणजे जस्ताची पांढरी पूड. ती गुलाबपाण्यात ओली करून दोन दिवस घोटायची, सुकवायची, मग मेणातेलात कालवून मलम करायचं. कापूस वेचताना चिरलेली बोटं असोत की तान्ह्या बाळाची लालबुंद कातडी, सगळ्यांना तेच मलम. पूड जमली का, हे चाचा एकाच रीतीनं ओळखायचे. चिमूट घेऊन बोटावर चोळायचे. बोटाच्या रेषा भरल्या आणि झटकूनही पूड निघाली नाही, की म्हणायचे, "हां! याले म्हनतात बारीक." तेवढं ऐकायला मी दोन-दोन दिवस घासला जायचो. जास्त बारीक म्हणजे जास्त गुणाचं, असं त्या घरात सगळेच मानायचे. मीही मानायचो.

मग कपाशीचे वाईट दिवस आले. बोंडअळीच्या वर्षी वेचायला कापूसच नव्हता, तर बोटं कुठून चिरणार? गिऱ्हाईक आटलं. गावोगाव मात्र नव्या पुड्या आणि बाटल्या वाटणारी माणसं फिरत होती. अशात एक दिवस पंचफुलाबाई आली. ती मजुरीवर वेचणी-फवारणी करायची, आमचं जुनं गिऱ्हाईक. तिच्या हातात पांढऱ्या पुडीची भली मोठी पिशवी होती.

"चाचा, मालकाच्या वावरात कंपनीवाल्यानं फुकट देल्ली. पिकाले जस्त म्हने. नॅनो का काय ते. तुमच्या सफेद्याची बहीनच दिसते."

चाचांनी चिमूट चोळली. एका चोळण्यात रेषा भरल्या.

"अरे बापा! पंचफुला, हे तं माह्या खलाले दहा जनम जमनार नाही."

"मंग द्या त्याले सुट्टी. म्हतारा झाला तो, तुमच्यासारखा."

दोघं हसले. मला राग आला. पण खरं सांगू का, त्या रागाखाली कौतुक होतं. जन्मभर आपण जे करायला झटलो, ते कोणीतरी करून दाखवलं, असं वाटलं. तिथंच मी चुकलो. चाचाही चुकले.

घोटायची गरज नव्हती, म्हणून ओलं करायचीही गरज उरली नाही. गुलाबपाण्याची बाटली फळीवरच राहिली. कोरडी पूड मलमलीतून चाळायची आणि मलमात घालायची, एवढंच काम. ते सून फरजानाकडे आलं. फरजाना म्हणजे त्या दुकानाचा आवाज. गल्लीच्या टोकाला गेलेलं गिऱ्हाईक ती बसल्या जागेवरून हाक मारून परत आणायची. मागच्या खोलीत ती चाळायला बसली. प्रत्येक झटक्याला पांढरा धूर उठायचा आणि खाली बसायचं नावच घ्यायचा नाही.

"अब्बा, खिडकी उघडू का? दम घुटून राहिला."

"नको बेटा, हवेनं सारी उडून जाईन. ओढनी बांध तोंडाले."

तिनं बांधली. पण मोठ्या फाटकातून मुंगी जावी, तशी ती पूड ओढणीतून जात होती.

संध्याकाळी फरजानाला थंडी वाजून ताप आला. तोंडात लोखंड चाखल्यासारखी चव. सकाळी ताप उतरला. "मौसम बदलला," चाचा म्हणाले, आणि ती पुन्हा चाळायला बसली. असे बारा दिवस. मग खोकला जाईना, जिना चढताना ती मध्येच बसू लागली. डॉक्टरांनी विचारलं, "घरी कोणी जस्ताच्या पत्र्याला वेल्डिंग करतं का? त्या धुरानं असा ताप येतो." घरात कोणी करत नव्हतं. पुडीबद्दल बोलायचं कोणाला सुचलं नाही. सफेदा तर बाळांना लावतात!

सुटीत फरजानाची धाकटी बहीण निखत आली. ती अमरावतीला विज्ञान शिकते. तिनं मागच्या खोलीत पाऊल टाकलं आणि तशीच मागे फिरली.

"आपा, बाहेर ये आधी! चाचा, हे कोरडं चाळून राहिले तुम्ही?"

"काहून? जस्तच तं आहे. माह्या वालिदपासून लोकाईले लावून राहिलो."

"जस्त तेच आहे. आकार तो नाही."

मग तिनं सांगितलं. त्यांच्या प्रयोगशाळेत माणसाच्या फुप्फुसाच्या पेशी काचेच्या ताटलीत वाढवतात. त्या तळाला चिकटून, हातपाय पसरून राहतात. अशी पूड पुरेशी टाकली, की दुसऱ्या दिवशी त्यांतल्या कित्येक पेशी आक्रसून गोल होतात आणि तळ सोडून तरंगतात. इतके बारीक कण पेशीच्या आत शिरतात, तिथं विरघळतात, आणि जे जस्त आपल्याला कणभरच लागतं, त्याचाच एकदम पूर येतो. ताटलीतल्या पेशी म्हणजे अख्खा माणूस नव्हे, हेही तिनं प्रामाणिकपणे सांगितलं. "पन आपाची छाती म्हणजे ताटली पन नाही ना, चाचा. तिथं कशाले पाहायचं करून?"

चाचा बोटं पुसत राहिले. पुसून जाईना.

त्यांनी घरोघर फिरून मलमाच्या डब्या परत आणल्या. पंचफुलाबाई फरजानाजवळ येऊन बसली, "म्याच आनली वं ते," एवढंच म्हणाली आणि तिचे पाय चेपत राहिली. डॉक्टर म्हणाले, ताप त्या पुडीचाच असावा; दम पहिल्यासारखा होईल का, ते आज सांगता येत नाही. त्यानंतर चाचांनी औषध करणं सोडलं. मला अंगणात आणून ठेवलं. त्यांनी मला फेकलं नाही, फक्त माझ्याकडे पाहणं टाकलं.

मित्रांनो, नवी पूड वाईटच असते, असं मी म्हणत नाही. पण ओळखीच्या नावाची वस्तू नव्या रूपात आली, तर ती पुन्हा अनोळखी समजा. पिशवीवरचं वाचा. वाचता येत नसेल, तर विचारा. आणि घरातलं कोणी दम घुटतो म्हणालं, तर खिडकी उघडा, पूड उडाली तर उडू द्या.

रोज सकाळी फरजाना माझ्यात पाणी भरायला येते. नळापासून मी अकरा पावलांवर. सहाव्या पावलाला ती बादली खाली ठेवते.

"ठेव बेटा, मी भरतो," दारातून चाचा म्हणतात.

"राहू द्या अब्बा. एवढं... जमते."

त्या दोन शब्दांच्या मध्ये ती जेवढं थांबते, तेवढा वेळ चाचा आणि मी, दोघंही श्वास धरून असतो.