हिंदुरावांच्या तळहातावरचा वारा

मित्रांनो, ही गोष्ट २०१६ सालची. त्या वर्षी दिवाळीच्या आधी, चाकणजवळच्या एका गावात माझा जन्म झाला. मी एक जुनी पेटी आहे. गाडीच्या डिकीत बसणाऱ्या मोठ्या स्पीकरची.

मला बांधलं निरंजनने. तो गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत होता. जाड प्लायवूडच्या फळ्या, सांध्यांत फेविकॉल, आणि भिंती थरथरू नयेत म्हणून पोटात एक आडवी पट्टी. पुढच्या फळीला त्याने दोन भोकं पाडली. एकात स्पीकर बसायचा होता, दुसऱ्यात प्लास्टिकचा पाइप.

त्याचा मित्र शेखर कारखान्यांसाठी पॅकिंगच्या लाकडी पेट्या करायचा. तो हसून म्हणाला, "राव, आम्ही जन्मभर पेटीला फट राहू नये म्हणून मरतो, आणि तू मुद्दाम भोक ठेवतोस?"

"भावा, ते तिचं नाक आहे. ठोका पडला की तिथून वारा सुटतो. बाबांसाठी आहे ते."

बाबा म्हणजे हिंदुराव. तरुणपणी ते गावच्या भजनात पखवाज वाजवत. पुढे भोसरीत पत्रा ठोकणाऱ्या प्रेस मशीनवर, दिवसभराच्या दणदणाटात, कामाला लागले. कानात घालायला रबरी बोळे मिळत, पण ते घातले की सोबतचे चिडवत, "लई नाजूक हाय गडी!" बोळे खिशात राहिले आणि कान गेले.

निरंजनने भजनाचं जुनं रेकॉर्डिंग लावलं आणि वडिलांचा हात माझ्या भोकासमोर धरला. काही लागत नाही म्हणून ते मान हलवत. तो पाइप जरा कापी, पुन्हा बसवी, पुन्हा हात धरी. शेवटी एकदाची थाप पडली आणि माझा श्वास त्यांच्या तळहातावर आदळला. हिंदुराव दचकले. दुसऱ्या हाताची बोटं आपोआप मांडीवर चालू लागली.

"धुमाळी हाय ही!" भजनातला जुना ताल ओळखून ते ओरडले. "आरं, धुमाळी हाय!"

त्यानंतर रोज संध्याकाळी डिकी उघडायची, बटण दाबायचं आणि हात पुढे धरून बसायचं, हा त्यांचा नेम झाला. मित्रांनो, माझं खरं आयुष्य ते तेवढंच.

पुढच्या वर्षी कंपनीने निरंजनला दूरच्या प्लँटवर पाठवलं. गाडी बाजरीच्या पोत्यांशेजारी शेडमध्ये उभी राहिली. एका सकाळी त्याच्या आईने, रुक्मिणीबाईंनी, माझ्यापाशी उंदीर पाहिला. "पोरानं जीव लावून बांधलीया, नासून टाकील मेला," म्हणत त्यांनी जुन्या लुगड्याचा बोळा करून माझ्या पाइपात घट्ट कोंबला. माझा श्वास कोंडला. मला बोलता येत असतं तर!

संध्याकाळी हिंदुरावांनी बटण दाबलं, हात धरला. वारा आला नाही. त्यांनी हात चोळला, पुन्हा धरला, मग दुसरा हात धरला.

"काय झालं?" रुक्मिणीबाईंनी हातानेच विचारलं. त्यांना तर पखवाज ऐकू येत होता.

"आता हात बी बहिरा झाला गं," ते म्हणाले.

त्यांनी नवऱ्याचा हात आपल्या हातात घेतला. "वय झालं आता. चालायचंच," त्या पुटपुटल्या. हिंदुरावांना ते ऐकू गेलं नाही.

हिंदुराव पुन्हा शेडकडे आले नाहीत. त्या थंडीत तापाचं निमित्त होऊन ते गेले.

उन्हाळ्यात निरंजन गाडी विकायला आला. त्याने शेवटचं म्हणून ते भजन लावलं. आवाज कोंदट वाटला, म्हणून पाइपात बोटं घातली. हिरव्या लुगड्याचा बोळा बाहेर आला. बाबांचा हातही बहिरा झाल्याचं आईने फोनवर सांगितलं होतं, ते त्याला आठवलं.

ओट्यावरून आई म्हणाली, "काय रं, उंदीर शिरला का आत?"

"न्हाई आई. कायबी न्हाई." त्याने बोळा खिशात घातला.

गाडी मोशीच्या एका माणसाने नेली, पण मला नाही. शेखर आजही पॅकिंगच्या पेट्या करतो. निरंजन आता लाइनवर नव्या पोरांच्या कानात बोळे घातल्याशिवाय मशीन सुरू करू देत नाही. मित्रांनो, तुम्हीही कान जपा. आणि दुसऱ्याची वस्तू जपायला जाताना, ती श्वास कुठून घेते एवढं आधी विचारा.

मी ओसरीवर असते. रुक्मिणीबाई माझ्यावर बसून कांदे निवडतात आणि आल्यागेल्याला कौतुकाने सांगतात, "लेकानं बांधलीया. म्या बोळा घातला म्हणून टिकली."

निरंजन घरी असला की मान डोलावतो.