घोंगडीतला अक्रोड

मी अक्रोड बोलतोय. फळ नव्हे हो, रोप. घासलेटच्या डब्यात लावलेलं, जेमतेम ढोपराएवढं. मुळं पत्र्याला धडकतात आणि माघारी वळतात. पाय पसरायलासुद्धा जागा नाही.

माले गावात बेहेरेसाहेबांचा मळा आहे, तिथला मी. उत्तरेकडच्या बर्फाच्या मुलखात लावायला कडक थंडी सोसणारं रोप त्यांना हवं होतं. आम्ही पाच भावंडं, एकाच झाडाच्या बियांची. पौषात आमची पानं झडली, तसा साहेबांनी पुण्याहून भुशात गुंडाळलेला बर्फ आणवला आणि रोज संध्याकाळी आमच्याभोवती रचायला लावला. अहो, जीव नुसता काकडून जायचा!

आम्हाला पाणी घालायला धोंडाबाई होती, धनगराची. आमच्या उघड्या काड्या पाहून ती हळहळली. "आगं बया, पार वाळली की गारठ्यानं! करडालाबी आमी असं उघडं टाकत न्हाई." घोंगडी तिच्याकडे एकच. मी सगळ्यांत किडकिडीत, म्हणून साहेब बंगल्यात गेले की ती मलाच गुंडाळायची आणि उजाडायच्या आत काढून न्यायची. मेंढरांचा वास यायचा घोंगडीला, पण काय ऊब होती! शेजारी भावंडं गारठत होती, ते मात्र बघवत नव्हतं.

माघ सरला. साहेबांनी नखानं एकेकाची साल खरवडली. चौघांची आतून काळी पडलेली, माझी हिरवीगार.

"अरे वा! दिसतो मरतुकडा, पण हाच खरा काटक. धाडा याला बर्फात!"

अहो साहेब, काटक मी नाही, ती घोंगडी! लाख ओरडलो. पण झाडाचं ओरडणं ऐकतंय कोण?

आज सकाळी मला खोक्यात घातलं, वर फळ्या ठोकल्या, बैलगाडी जुंपली. तेवढ्यात धोंडाबाई धावत आली आणि तिनं खोक्यावर घोंगडी टाकली. "सायेब, ऱ्हाऊ द्या त्येला हितंच. रोज सांजच्याला म्याच पांघरून ठिवायची. घोंगडीबिगर न्हाई जगायचं त्ये."

माझा जीव भांड्यात पडला. सुटलो एकदाचा, असं वाटलं.

साहेब हसले. "अगं, माया लागली म्हणून काय वाट्टेल ते सांगशील होय?" त्यांनी स्वतः घोंगडीची घडी केली आणि तिच्या हातात दिली. "ही तूच ठेव. याला नाही थंडी लागत. पारखलाय मी त्याला."

गाडी आता पौडच्या रस्त्याला लागलीय. फळीच्या फटीतून तुम्ही दिसलात, म्हणून सांगतोय. जरा पाय उचला, माल्याला जा, साहेबांना गाठा आणि एवढंच सांगा.

मला लई थंडी लागते हो.